पोस्टग्रेसमधला टेबलांचा वारसा : आमचा आक्षेप

मंडळी, पुंडलिकनगरात बोलतोय, तर उदाहरण मिळकतीचंच घेऊ. शेतजमिनीला सातबारा, नगर भूमापन झालेल्या जागेला मिळकत पत्रिका. क्षेत्र आणि धारक दोन्हीकडे, पिकांची नोंद मात्र फक्त सातबाऱ्यावर. अशा वेळी पोस्टग्रेसमधलं ‘इनहेरिट्स’ मोहात पाडतं. ‘मिळकत’ हे मूळ टेबल, ‘सातबारा’ आणि ‘पत्रिका’ त्याचे वारस. मिळकतीवर सिलेक्ट टाकला की वारसांच्याही ओळी येतात. छान वाटतं.

आता ‘फेरफार’ टेबल करा, त्यातून मिळकतीच्या आयडीवर फॉरेन की लावा. सातबाऱ्यातल्या 101 क्रमांकाचा फेरफार टाकला की एरर : मिळकतीत 101 नाहीच! अहो, आत्ताच तर दिसला होता. दिसला, पण ओळ राहते सातबाऱ्यात, आणि फॉरेन की तपासते फक्त मूळ टेबल. चेक आणि नॉट नल वारशाने उतरतात. प्रायमरी की, युनिक, फॉरेन की उतरत नाहीत. अधिकृत दस्तऐवजातच हे मान्य केलंय.

यातलं युनिकचं आम्हाला जास्त खटकतं. फॉरेन की निदान ओरडते तरी. इथे 101 सातबाऱ्यातही बसतो, पत्रिकेतही, आणि कुणी हूं की चूं करत नाही. नगर भूमापनानंतर सातबारा बंद व्हायला हवा. दोन्ही चालू राहिले तर एकाच जमिनीचे दोन व्यवहार होऊ शकतात. जो घोटाळा डेटाबेसने अडवायचा, त्यालाच ही रचना दार उघडून देते.

‘एकच सिक्वेन्स वापरा’ म्हणतात. तो शिरस्ता झाला, बंधन नव्हे. हाताने आयडी टाकला की संपलं. ट्रिगर लिहिता येतात, पण एकाच वेळी दोघे लिहायला आले की लॉकचा हिशेब तुमच्या गळ्यात. पार्टिशनिंग 2017 मध्ये दहाव्या आवृत्तीत आलं, 2019 च्या बाराव्यात पार्टिशन केलेल्या टेबलाकडे फॉरेन कीही जाऊ लागली. पण तिथे सगळ्या भागांचे कॉलम सारखेच लागतात. मग पिकं कुठे लिहायची?

आम्ही जुनाच मार्ग धरू. मिळकतीत आयडी प्रायमरी की, शिवाय आयडी आणि प्रकार मिळून युनिक. सातबाऱ्यात हेच दोन कॉलम, त्यांची जोडीने मिळकतीकडे फॉरेन की, आणि प्रकार ‘सातबारा’च असावा असा चेक. पत्रिकेत तसंच. फेरफार सरळ मिळकतीला जोडा. प्रत्येक नोंदीला दोन इन्सर्ट आणि वाचताना जॉइन लागतो, तो खर्च आम्हाला मान्य आहे. एकाच जमिनीला दोन वेगळे आयडी दिले तर मात्र हेही गप्प बसेल. त्यासाठी जमिनीच्या ओळखीवरच वेगळं युनिक हवं.