घरकोंडीचे वाङ्मय

कोणतीही मोठी साथ ओसरली, म्हणजे तिच्या मागोमाग दोन गोष्टी हटकून येतात: एक सरकारी अहवाल आणि दुसरी लेखकांच्या दैनंदिन्या. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीनेही हा नियम मोडला नाही. 'टाळेबंदीचे दिवस' या सदरात घालता येईल असे पुष्कळ लेखन तेव्हापासून मराठीत झाले, आणि त्यातील बरेचसे आम्ही आवडीने वाचले. अंगणातल्या झाडावर पुन्हा दिसू लागलेला भारद्वाज, फडताळातून बाहेर निघालेला जुना ग्रंथ, कित्येक वर्षांनी मुलांबरोबर मांडलेला पत्त्यांचा डाव, निवांत दुपार आणि वाफाळलेला चहा, यांची वर्णने वाचून मन प्रसन्न होते यात संशय नाही. परंतु असे पाचपन्नास लेख वाचून झाल्यावर आम्हांस एक शंका छळू लागली. या लेखांत चहा येतो. तो करून कोण आणतो, हे मात्र क्वचितच येते.

शंका क्षुल्लक वाटेल. तथापि घरात कोंडलेल्या माणसाच्या लेखनाचे मोल ठरविताना हिच्याइतकी खरी कसोटी दुसरी नाही, असे आमचे मत झाले आहे. भाषेचे लालित्य, विचाराची खोली, विनोदाची चव हे गुण कोणत्याही ललित लेखनात पाहावयाचेच. घरकोंडीच्या लेखनात याखेरीज आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. लेखकाने ज्यास 'घर' म्हटले, ते त्याच छपराखालच्या दुसऱ्या माणसासही घरच वाटत होते, की कोंडवाडा? ही कसोटी आम्ही तीन ग्रंथांस लावून पाहणार आहोत. तिन्ही परदेशचे आहेत. पण त्या साली आपल्याकडे जे घडले, त्याचा अर्थ त्यांच्या साह्याने अधिक उघड होतो.

पहिला ग्रंथ झाव्हिए द मेस्त्र याचा. १७९० साली ट्युरिन शहरात द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल या तरुण लष्करी अधिकाऱ्यास ४२ दिवस स्वतःच्या खोलीत स्थानबद्ध राहावे लागले. त्या अवधीचे फळ म्हणजे त्याने फ्रेंच भाषेत लिहिलेले 'माझ्या खोलीभोवतीचा प्रवास' हे छोटेसे पुस्तक. त्याची प्रकरणेही ४२च. भिंतीला धरून चालले तर खोलीचा घेर ३६ पावलांचा. पलंग, आरामखुर्ची, लिहावयाचे मेज आणि भिंतीवरील चित्रे हीच या प्रवासातील गावे. शरीर कोंडता येते, कल्पनेस कुलूप घालता येत नाही, हे इतक्या हसतमुखाने सांगणारे पुस्तक विरळाच. २०२० साली ठिकठिकाणच्या लेखकांस त्याची आठवण झाली यात नवल नाही.

आता आमची कसोटी. या प्रवाशास सकाळची कॉफी मिळते, कारण जोआनेत्ती नावाचा नोकर ती करून ठेवतो. जोडे साफ करण्याचा ब्रश आणावयास तो विसरला म्हणून धनी एकदा त्याच्यावर उखडतो. मागून आपलीच चूक ध्यानात येते, आणि नोकर एक जोडा पुसत असता धन्याच्या डोळ्यांतून पश्चात्तापाचा थेंब दुसऱ्या जोड्यावर पडतो. अन्य एका ठिकाणी शहरातील श्रीमंतांच्या दारांशी थंडीत कुडकुडत पडलेले दरिद्री लोकही त्यास आठवतात. आमच्या मते पुस्तकातील सर्वांत मोलाच्या जागा याच होत. त्या थोड्या आहेत हे खरे, आणि प्रवासी लवकरच आपल्या चित्रांकडे वळतो हेही खरे. परंतु ज्याच्या घरात जोआनेत्ती नाही, किंबहुना जो स्वतःच जोआनेत्ती आहे, त्याच्या ४२ दिवसांचे काय, हा प्रश्न त्या एका थेंबाने वाचकाच्या मनात उभा केला. याचे अनुकरण करणाऱ्यांनी त्याची आरामखुर्ची तेवढी उचलली, थेंब तेथेच राहिला.

दुसरा ग्रंथ डॅनियल डीफोची 'प्लेगच्या वर्षाची रोजनिशी'. तो १७२२ साली प्रसिद्ध झाला. विषय १६६५ सालचा लंडनमधील प्लेग. त्या वेळी डीफो अवघा पाच वर्षांच्या आसपासचा, म्हणजे रोजनिशी हे केवळ कादंबरीचे रूप होय. कथन करणारा एक अविवाहित खोगीर-व्यापारी आहे. तोही काही काळ दार लावून बसतो. पिठाची दोन पोती आणून घरच्या भट्टीत पाव भाजवितो, बिअर तयार करवितो, लोणी आणि चीज यांचा साठा करतो. २०२० साली ज्यांनी घरोघरी पाव भाजण्याचा छंद लावून घेतला, त्यांस हा आपला पूर्वज वाटावा. मात्र आपल्या घरात एक वृद्ध कारभारीण, एक मोलकरीण आणि दोन उमेदवार आहेत हे तो लपवीत नाही. पाव कोणाच्या हातचा, हे वाचकास कळते.

पण ग्रंथाचे थोरपण याहून मोठ्या गोष्टीत आहे. त्या काळी घरात एक माणूस आजारी पडला की सगळे घर बाहेरून बंद करीत. दारावर तांबडा क्रूस, आणि रात्रंदिवस पहारेकरी. रोग्याबरोबर निरोगीही आत. कथन करणाऱ्यास घरे तपासण्याच्या कामावर नेमण्यात येते, आणि तीन आठवड्यांत तो त्यातून आपली सुटका करून घेतो. कारण जे पाहिले ते त्यास सोसवत नाही. जो वरून धडधाकट दिसतो तोच रोग घेऊन हिंडतो, तेव्हा कुलपाचा उपयोग संशयित आणि जुलूम मात्र निश्चित, असा त्याचा निष्कर्ष आहे. तथापि तो अधिकाऱ्यांचा द्वेष्टा नव्हे. गरिबांस मदत पोचविण्याची आणि पावाचा भाव आवरण्याची जी व्यवस्था झाली, तिची तो मोकळ्या मनाने स्तुती करतो. बंधन घालावे की नाही एवढाच त्याचा प्रश्न नसून, बंधन घातल्यावर आतल्या माणसाचे दायित्व कोणाचे, हाही आहे.

तिसरा ग्रंथ आपल्याच काळातला. चीनमधील वुहान शहर २३ जानेवारी ते ८ एप्रिल २०२० असे ७६ दिवस बंद होते. तेथील प्रौढ लेखिका फांग फांग हिने २५ जानेवारीपासून ६० टिपणे लिहून ती मोबाईलवर वाचणाऱ्या लोकांपुढे ठेवली. ती वारंवार पुसली जात. लेखिकेवर देशद्रोहाचा आरोपही झाला. घरात ती आणि तिचा म्हातारा कुत्रा, एवढीच वस्ती. बाह्यतः पाहता तीही द मेस्त्रसारखीच एका जागी बसलेली. पण शेजाऱ्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणून दिलेले खाद्यपदार्थ, मुखपट्ट्यांची टंचाई, खाट न मिळालेले रोगी, मरण पावलेले डॉक्टर, यांची नोंद ती रोज करीत राहते. तिच्या लेखनात लालित्य बेताचे आहे, पुनरुक्ती आहे, एकाच तक्रारीवर ती पुनःपुन्हा येते. हे दोष मान्य करूनही आम्ही या पुस्तकास वरचे स्थान देऊ, कारण आपले जेवण कोणी आणले हे ती विसरत नाही, आणि ज्यास ते मिळाले नाही त्यासही विसरत नाही.

या तीन ग्रंथांवरून आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रास साथीच्या बंधनांची जुनी ओळख आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सोजीर घरात शिरून माणसांस बाहेर काढीत आणि छावण्यांत नेऊन ठेवीत; २०२० साली आज्ञा झाली ती घराबाहेर न पडण्याची. आज्ञा उलट, पण साथीचा मूळ कायदा तोच, १८९७ सालचा. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री सुरू झाली. २१ दिवसांची म्हणून आलेली ही बंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत, म्हणजे ६८ दिवस राहिली. घरी राहा, सुरक्षित राहा, हा त्या दिवसांचा मंत्र. यात रोगापुरते तथ्य होते. पण 'घर' या शब्दाचा अर्थ सर्वांस ठाऊकच आहे, असे तो मंत्र गृहीत धरीत होता.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे या देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. मुंबईच्या बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत सहासात माणसे राहू शकत, ती खोली पुरत होती म्हणून नव्हे. गॅलरी, जिना, नळ, नाक्यावरचा कट्टा, मुलांची शाळा आणि पुरुषांची कामाची जागा मिळून त्यांचे घर पुरे होत असे. टाळेबंदीने त्यांस घरात कोंडले असे आपण म्हणतो. वस्तुतः तिने त्यांचे अर्ध्याहून अधिक घर काढून घेतले. ज्याच्या घरी चार खोल्या, त्याचे घर त्या दिवसांत मोठे झाले. ज्याच्या घरी एक, त्याचे लहान झाले. एकाच आज्ञेचे हे दोन परिणाम ज्या दैनंदिनीत दिसत नाहीत, ती खोटी नसेल, पण अपुरी खास आहे.

हीच गोष्ट मध्यमवर्गीय घरातील स्त्रीची. २०१९ च्या सरकारी कालवापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. हे टाळेबंदीच्या आधीचे मान. पुढे घरकामाच्या बाया येईनाशा झाल्या, आणि सगळी माणसे दिवसभर घरी. दुपारी बारा ते चार हा जो तिचा हक्काचा एकांत होता, तोही गेला. ज्या निवांत दुपारींचे आपण कौतुक वाचले, त्या कोणाच्या तरी वाट्यातून काढलेल्या होत्या. याहून भयंकर अशी घरेही होतीच. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सॲपचा क्रमांक जाहीर केला. मारणारा जवळच बसला असेल तर फोनवर बोलणार कशी? मुकाट्याने चार अक्षरे लिहिता यावीत एवढीच ती सोय. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि खिन्नता या विकारांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याचा भार तरुणांवर व स्त्रियांवर अधिक पडला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. हा आकडा मोठा खरा. पण त्या मुक्या चार अक्षरांनी तो आम्हांस अधिक समजतो.

यावर कोणी म्हणेल, साहित्यिकाने आपल्या खिडकीतून दिसेल तेच लिहावे. तो काही खानेसुमारीचा कारकून नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. टाळेबंदीत कित्येक बापांस आपली मुले प्रथमच कळली, कित्येक घरांत खरोखरच गोडवा आला. त्याचे लेखन अवश्य व्हावे. आमची मागणी फार थोडी आहे. खिडकीतून दूरचा भारद्वाज दिसतो, तर पाठीमागच्या स्वयंपाकघरातील माणूसही दिसावा. द मेस्त्रसारख्या मजेखातर लिहिणाऱ्यासही तो एकदा दिसला.

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. त्या दिवसांत आम्हीही एक वही भरली होती. हा लेख लिहावयास घेतला तेव्हा ती उघडून पाहिली. तीत वाचलेल्या ग्रंथांची यादी आहे, रात्री पडलेल्या प्रश्नांची चर्चा आहे. भांडी कोणी घासली याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. वही दाखविली तेव्हा घरातून उत्तर आले, "तेव्हा लिहायला मला वेळ कुठे होता?"

असो. घरकोंडीचे मराठी वाङ्मय पुष्कळ झाले असले, तरी त्याचा मोठा भाग अजून लिहावयाचा राहिला आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांनी ते दिवस लिहिले त्यांच्या वह्या आपण वाचल्या. ज्यांच्या हातांवर ते दिवस निघाले, त्यांना आता सवड मिळो, आणि त्यांच्या वह्या आपल्यापुढे येवोत. त्यांत लालित्य कमी असले तरी चालेल.