वादळ अलिबागला, बातमी मुंबईची

टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांवर लोकांचा विश्वास का उरलेला नाही, यावर मला आज बोलायचंय. नुसतं 'चॅनेलवाले ओरडतात' म्हणून भागणार नाही. ओरडतात हे आपल्याला माहीतच आहे.

3 जून 2020 आठवा. लॉकडाऊन होतं, सगळे घरात, टीव्ही चालू. निसर्ग वादळ येणार होतं. आदल्या दिवशीच्या हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये लिहिलं होतं की वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या जवळ, 3 तारखेच्या दुपारी किनारा ओलांडेल. एका वाक्यात गाव, दिवस, वेळ, सगळं होतं. आणि पडद्यावर काय होतं? मुंबई. मरीन ड्राइव्हची लाट, गेटवेपाशी उभा रिपोर्टर, 'मुंबईवर संकट' या धाटणीच्या पट्ट्या. दुपारी वादळ अलिबागच्या जरा दक्षिणेला जमिनीवर आलं. म्हणजे अंदाज बरोबर आला. पण संध्याकाळपर्यंत चॅनेलचा सूर बदलला होता, मुंबई वाचली. बोरिवलीत, घाटकोपरला माणसं खिडकीतून बघत होती आणि म्हणत होती, बघा, काहीच झालं नाही, उगाच घाबरवलं.

श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर, दापोलीत मात्र झालं. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्यांच्याकडे वादळ खरंच आलं त्यांची वीज गेली होती, त्यांना टीव्ही दिसत नव्हता. आणि ज्यांना दिसत होता, त्यांच्याकडे वादळ आलं नव्हतं. अंदाज खरा ठरला, तरी खात्याची पत मुंबईत घसरली. हे कोणी केलं?

आता अंतराचा हिशेब बघू. चोवीस तास आधी वादळाची जागा सांगताना अलीकडच्या वर्षांत सरासरी चूक होते ती साधारण 70 ते 80 किलोमीटरची. हे चांगलं काम आहे, जगात कुठेही फार वेगळं नाही. पण बोरिवली ते अलिबाग सरळ रेषेत मोजलंत तर अंतर त्याहून थोडं कमीच भरतं. म्हणजे अलिबागचं वादळ बोरिवलीला येणं आणि न येणं, दोन्ही शास्त्राच्या मर्यादेत बसतं. म्हणून नकाशावर तो पुढे रुंद होत जाणारा पट्टा काढतात. आपल्या चॅनेलवर तो पट्टा पुसतात आणि त्याजागी गरगर फिरणारं चक्र आणि एक लाल बाण देतात. बाणाला चूक दाखवता येत नाही. तो एक तर लागतो, नाही तर हुकतो.

दोष एकट्या चॅनेलचा नाही. खात्याची भाषाही बघा. 'तुरळक ठिकाणी मुसळधार.' आपण घरी काय ऐकतो? तुरळक म्हणजे थोडासा. आकाश जरा भरून येईल, छत्री असू द्या. (हशा) खात्याच्या लेखी तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. आणि मुसळधार म्हणजे चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त. म्हणजे मुलुंड कोरडं आणि अंधेरीचा सबवे भरलेला, तरी अंदाज खरा. निवेदक हे वाक्य जसंच्या तसं वाचतो. त्याचं मराठी करणं हे त्याचं काम आहे की नाही? माझ्या मते तेच त्याचं काम आहे, बाकी नकाशा मोबाइलवर दिसतोच.

आणि 'मुंबईत पाऊस' म्हणजे कुठे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. एकच शहर, एकच दिवस. हा अनुभव गाठीशी असूनही आपल्या बातमीत आजही मुंबई हा एकच ठिपका आहे. जानेवारी 2022 पासून इथे वेरावलीला, अंधेरीच्या उशाशी, दुसरं डॉपलर रडार आहे. उपनगरापुरतं, पुढच्या दोन-तीन तासांचं बोलायची सोय झाली. पडद्यावर मात्र तीच जुनी मरीन ड्राइव्हची लाट.

मग 2023 चं बिपरजॉय. काही हिंदी वाहिन्यांनी मागे वादळाचं चित्र लावून स्टुडिओत छत्री घेऊन अँकर उभे केले. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवले, हसलो. मला ते हसणं जास्त खटकतं. त्याच आठवड्यात, 12 जूनला, जुहूच्या समुद्रात उतरलेली चार मुलं बुडाली. वादळ तेव्हा गुजरातच्या बाजूला दूर होतं. त्या मुलांनी काय पाहिलं होतं मला माहीत नाही आणि मी जोडाजोडही करत नाही. एवढंच म्हणतो, की वादळ दूर असताना जुहूचा समुद्र का खवळतो, हे त्या दिवशी ठळकपणे सांगायची गोष्ट होती. त्या वेळात छत्री उडत होती.

वर्सोव्याच्या, मढच्या कोळीवाड्यात जुन्या माणसांना विचारा, ते बावट्याबद्दल सांगतील. तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही. त्या बावट्यात थरार नव्हता आणि तो सगळ्यांसाठी नव्हता. तो बंदरातल्या माणसाला, त्या दिवशी काय करायचं, एवढंच सांगायचा. खात्याचे रंगही खरं तर तसेच आहेत. पिवळा, लक्ष ठेवा. नारिंगी, तयारीत राहा. लाल, हालचाल करा. चॅनेलने लाल रंगाचा अर्थ 'प्रलय' केला आणि आपण त्याचा अर्थ 'शाळेला सुट्टी' केला.

आता तौक्ते. 17 मे 2021. निसर्गला वर्षही झालं नव्हतं. 'मागच्या वेळेसारखंच होईल' हे वाक्य मी तेव्हा किती तरी जणांच्या तोंडी ऐकलं. चॅनेल वाट बघत होते ते वादळ जमिनीवर येण्याची. ते आलं रात्री, गुजरातेत. मुंबईजवळून समुद्रातून नुसतं गेलं. पण त्या जाण्यात कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरवर गेला आणि सांताक्रूझला 230 मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यातला विक्रम. 'धडकलं' नाही तरी.

त्या आधीच दहिसर, मुलुंड आणि बीकेसीच्या जम्बो कोविड केंद्रांतले 580 रुग्ण महापालिकेने दुसरीकडे हलवले होते. कोणीतरी बुलेटिन वाचलं होतं, आणि वाचून, तंबूसारख्या छपराखाली माणसं ठेवता येणार नाहीत असा अर्थ लावला होता. त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-305 ही तराफा-नौका 261 माणसांसह समुद्रातच होती. ती बुडाली, सत्तरच्या वर माणसं गेली. इशारा आधीच्या आठवड्यापासून होता. तो सगळ्यांसाठी एकच होता.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.