इंग्रजी आडनांवांचा एक कोश

कोश म्हणजे अडलें असतां उघडावयाचें पुस्तक, अशी सामान्य समजूत आहे. परंतु पर्सी रीनी यांचा १९५८ सालीं प्रसिद्ध झालेला ब्रिटिश आडनांवांचा कोश कोणतेंहि पान उघडून वाचीत बसावा इतका मनोरंजक आहे.

‘कावर्ड’ म्हणजे भित्रा, हें शाळेंतील मूलहि सांगेल; पण त्या आडनांवाचा मूळ पुरुष भित्रा नसून गाई राखणारा गुराखी होता. लोकरी कापड पाण्यांत तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिरास इंग्लंडच्या दक्षिणेस व पूर्वेस फुलर, नैर्ऋत्येस टकर व उत्तरेस वॉकर म्हणत. वॉकर हा वाटसरू असावा असें प्रथम वाटतें. वस्तुतः त्याची सारी चाल ओल्या कापडावरची! वेब्स्टर हा विणकर, तर फ्लेचर हा बाण करणारा. धंदे बुडाले, शब्द व्यवहारांतून गेले. आडनांवांत मात्र ते राहिले. आपल्या पोतनीस-फडणिसांची कथा याहून निराळी नाहीं.

ग्रंथकाराचा खरा गुण म्हणजे पुराव्यावरील निष्ठा. इंग्रजींत ‘डेथ’ म्हणजे मृत्यु. हें आडनांव असलेल्या कांहीं कुटुंबांनीं त्याचे ‘डी ॲथ’ असे दोन तुकडे करून बेल्जममधील ॲथ गांवाशीं नातें जोडिलें. मृत्यूपेक्षां गांव बरें, हें खरें. परंतु जुन्या लेखांचा या व्युत्पत्तीस आधार मिळत नाहीं, असें रीनी स्पष्ट सांगतात. वाचकाचा मान राखण्यासाठीं ते सत्यास मुरड घालीत नाहींत.

तथापि एक मोठा दोष दाखविणें प्राप्त आहे. मध्ययुगीन लेखांतील नांव आजच्या नांवाशीं जुळलें, म्हणजे वंशहि जुळला असें नव्हे. मधल्या शतकांचा दुवा हा ग्रंथ पुष्कळदां गृहीतच धरतो. २०१६ सालीं ऑक्सफर्डहून निघालेल्या चार खंडांच्या कोशांत १८८१ च्या खानेसुमारीवरून कोणतें नांव कोणत्या परगण्यांत दाट होतें तें दिलें आहे. त्यामुळें ही उणीव बऱ्याच अंशीं दूर झाली आहे.

अर्थ कानास गोड लागतो एवढ्यावरून तो खरा मानूं नये, ही रीनींची शिकवण मात्र जुनी झालेली नाहीं. आडनांवाची कुळकथा मुलांस सांगणाऱ्या प्रत्येक घरानें ती ध्यानांत ठेवावी.