इनामगावचे मृत

ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांचा इनामगाव-उत्खननाचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९८८ साली प्रसिद्ध केला. धर्माच्या उगमाचा विचार करणाऱ्याने तो अवश्य वाचावा. शिरूर तालुक्यातील या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरीत. बालकांना तोंडाशी तोंड जुळवलेल्या दोन कुंभांत ठेवीत. प्रौढांची पावले मात्र बहुधा तोडीत. मृताने भूत होऊन भटकू नये, हा त्यामागील हेतू असावा, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे.

हे अनुमान तर्कसंगत आहे, पण अपुरे वाटते. निव्वळ भय असते, तर मृताला गावाबाहेर नेले असते. आपण निजतो त्याच जमिनीखाली त्याला ठेवणे, शेजारी भांडी मांडणे, यात मायाही आहे. धर्माचे मूळ केवळ भयात शोधणाऱ्यांनी ते बालकुंभ पुन्हा पाहावेत. नोव्हेंबरमध्ये आप्तांच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या कुटुंबांना ती माया ओळखू येईल.