मृत्यूचे प्रदर्शन आणि वास्तवाचा दावा : ‘रॉटन डॉट कॉम’ ते ‘लाइव्हलीक’

प्रस्तावना

मृत्यूविषयीचे कुतूहल माणसाला नवे नाही. अपघातस्थळी जमणारी गर्दी हे त्याचेच एक रूप होय. मुद्रित माध्यमांच्या काळात कोणते छायाचित्र छापावयाचे, हे संपादक ठरवीत असे. इंटरनेटच्या प्रसारानंतर ही मधली पायरी नाहीशी झाली आणि केवळ धक्का देण्यासाठी उभारलेली संकेतस्थळे, म्हणजेच ‘शॉक साइट्स’, अस्तित्वात आली. ‘आम्ही केवळ वास्तव दाखवितो’ हा त्यांचा मुख्य दावा. हा दावा कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन संकेतस्थळांच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

रॉटन डॉट कॉम : स्वातंत्र्याची भाषा

‘रॉटन डॉट कॉम’ हे संकेतस्थळ थॉमस डेल या अमेरिकन संगणक प्रोग्रॅमरने १९९६ मध्ये सुरू केले. मृतदेह, अपघात, विकृती आणि रोग यांची छायाचित्रे तेथे एकत्र केलेली असत. त्याच वर्षी अमेरिकेत ‘कम्युनिकेशन्स डीसेन्सी अॅक्ट’ हा कायदा संमत झाला होता. इंटरनेटवरील ‘असभ्य’ मजकुरावर बंधने घालणाऱ्या त्यातील तरतुदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. या वादाच्या पार्श्वभूमीवर रॉटनने स्वतःला सेन्सॉरशिपविरोधी भूमिकेशी जोडून घेतले. शासनाने प्रौढ नागरिकांचे वाचन ठरवू नये, ही भूमिका तत्त्वतः योग्यच आहे. परंतु शासनाला रोखण्याचा अधिकार नाही एवढ्यावरून प्रदर्शकाला मृताविषयी कोणतेच कर्तव्य उरत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. हे दोन प्रश्न भिन्न आहेत आणि रॉटनच्या भूमिकेत ते एकमेकांत मिसळलेले दिसतात.

वास्तवाच्या दाव्याचे काय झाले, हे १९९७ मध्येच दिसून आले. ३१ ऑगस्ट रोजी पॅरिसमधील अपघातात डायना यांचा मृत्यू झाल्यानंतर त्यांचे म्हणून एक छायाचित्र रॉटनवर झळकले. ते बनावट होते. तथापि त्यामुळे संकेतस्थळाला जगभर प्रसिद्धी मिळाली. अन्य छायाचित्रांखालीही अनेकदा उपहासात्मक ओळी असत. मृत व्यक्ती कोण, ती कशी मेली, तिच्यामागे कोण उरले, यांपैकी काहीही प्रेक्षकाला कळत नसे. याचा अर्थ असा की, येथे सत्यापेक्षा धक्क्याला मोल होते. पुढे हे संकेतस्थळ बंद पडले.

ऑग्रिश ते लाइव्हलीक : पुराव्याची भाषा

२००० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘ऑग्रिश’ने छायाचित्रांच्या जोडीला ध्वनिचित्रफिती आणल्या. इराक युद्धाच्या काळात, विशेषतः २००४ मध्ये, ओलिसांच्या शिरच्छेदाच्या चित्रफितींमुळे त्याची चर्चा वाढली. या चित्रफिती दहशत पसरविण्यासाठीच तयार केलेल्या होत्या. त्या दाखविणारा तटस्थ राहू शकत नाही. तो मारेकऱ्याच्या हेतूचा वाहक बनतो. ऑक्टोबर २००६ मध्ये ऑग्रिशचे रूपांतर ‘लाइव्हलीक’मध्ये झाले आणि नागरिकांच्या पत्रकारितेचा पुरस्कार सुरू झाला.

या पुरस्कारात तथ्य नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. ३० डिसेंबर २००६ रोजी सद्दाम हुसेन यांना फाशी देण्यात आली. इराक सरकारने प्रसृत केलेली चित्रफीत मूक होती. त्यातून विधी शिस्तीत पार पडल्याचा भास होत होता. मोबाइलवर चोरून केलेल्या चित्रणात फाशीच्या तख्तावर त्यांना उद्देशून केलेली टोमणेबाजी ऐकू आली. अधिकृत कथनातील हे न्यून त्यामुळेच उघड झाले. अर्थात, कोणाचे, कोठले, केव्हाचे आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर, हे ज्या दृश्याबाबत सांगता येते ते पुरावा ठरते. ज्याबाबत सांगता येत नाही ते केवळ प्रदर्शन उरते.

लाइव्हलीकलाही ही सीमा हळूहळू मान्य करावी लागली. २०१४ मध्ये ‘इसिस’ने एका अमेरिकन पत्रकाराची हत्या केल्यानंतर या संघटनेच्या शिरच्छेदाच्या नव्या चित्रफिती न दाखविण्याचे त्याने ठरविले. मे २०२१ मध्ये लाइव्हलीकही बंद झाले.

बीभत्स रस आणि बीभत्स दृश्य

‘साहित्यात बीभत्स चालतो, मग येथे का नको?’ असा युक्तिवाद संभवतो. भारतीय काव्यशास्त्रात जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव मानला आहे. परंतु युद्ध, मरण यांसारख्या घटना अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकाद्वारे सुचवाव्यात, असेही नाट्यशास्त्र सांगते. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या विचारानुसार रंगभूमीवरील दुःख हे कोणा एका व्यक्तीचे राहत नाही. म्हणूनच प्रेक्षकाला त्याचा आस्वाद घेता येतो. शॉक साइटवरील मृतदेह मात्र कोणाच्या तरी मुलाचा, कोणाच्या तरी आईचा असतो. त्याचे साधारणीकरण होऊच शकत नाही. त्याचे नाव पुसून टाकणे हे साधारणीकरण नव्हे, तो त्या व्यक्तीचा दुसरा लोप होय. तेथे जुगुप्सा लौकिक पातळीवरच राहते आणि वारंवार पाहण्याने तीही बोथट होण्याचा धोका असतो.

निष्कर्ष

ही संकेतस्थळे बंद झाल्याने प्रश्न सुटलेला नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे मशिदींवरील हल्ल्यांत ५१ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोराने केलेले थेट प्रक्षेपण फेसबुकवर दोनशेहून कमी जणांनी त्या वेळी पाहिले. परंतु पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती हटवाव्या लागल्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक प्रती चढवितानाच अडविल्या गेल्या. उलट, लाइव्हलीकने ती चित्रफीत दाखविण्यास नकार दिला होता. रॉटनकडे जाण्यासाठी प्रेक्षकाला तो पत्ता स्वतः शोधावा लागे; आता दृश्यच न मागता त्याच्यापर्यंत येते. प्रसाराचे काम एका बदनाम संकेतस्थळाकडून असंख्य सामान्य हातांकडे आले आहे. त्यामुळे पूर्वी संपादकाकडे असलेला विवेक आता चित्रफीत पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकाकडे असणे आवश्यक ठरते. ‘हे खरे आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. हे कोणाचे मरण आहे आणि ते दाखविल्याने कोणते सत्य उजेडात येते, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल.