उदाहरण सुटले, संकल्पना समजली का?

एक अवजड मालमोटार आणि एक छोटी मोटार समोरासमोर धडकल्या. कोणी कोणावर जास्त बल लावले? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले अनेक विद्यार्थीही बिनदिक्कत 'मालमोटारीने' असे उत्तर देतात. महाविद्यालयीन विज्ञानशिक्षणातील ही विसंगती एरिक माझूर यांच्या 'पीअर इन्स्ट्रक्शन : अ यूजर्स मॅन्युअल' (१९९७) या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

माझूर १९८४ पासून हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. विद्यार्थी खूश होते, गुणही चांगले मिळत होते. १९९० मध्ये हलून व हेस्टेनेस यांचे संशोधन वाचून त्यांनी आपल्या वर्गाला बलाविषयीची साधी, आकडेमोड नसलेली चाचणी दिली. तेव्हा वर्गातून विचारणा झाली : उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायची, की आम्हाला वाटते त्याप्रमाणे? पुढे विद्युतमंडलाचे किचकट गणित सोडवणारे अनेकजण, कळ दाबल्यावर कोणता दिवा प्रखर होईल या प्रश्नाशी अडखळले. स्वतःच्या अध्यापनातील हे अपयश लेखकाने कोणताही आडपडदा न ठेवता मांडले आहे. पुस्तकातील हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यावरचा उपाय साधा आहे. थोडे शिकवायचे, मग संकल्पनेवर बहुपर्यायी प्रश्न विचारायचा. प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर ठरवायचे, नंतर शेजाऱ्याला पटवायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. बहुतेकांचे चुकले, तर शिक्षकाने पुन्हा समजावायचे. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. हात वर केले तरी चालते.

पुस्तकातील पुरावा मुख्यतः लेखकाच्याच वर्गांतला आहे, हा आक्षेप त्या वेळी रास्त होता. मात्र १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतील सुमारे ६,५०० विद्यार्थ्यांची माहिती तपासली. सुरुवातीला जे येत नव्हते, त्यापैकी केवळ व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गांत सरासरी २३ टक्के साध्य झाले, तर चर्चा व कृती करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. 'हुशार मुलाचे उत्तर बाकीचे उचलतात' ही शंकाही आम्हाला होती. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये जनुकशास्त्राच्या वर्गात दाखवले, की गटात कोणालाच उत्तर ठाऊक नसले, तरी चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न अधिक विद्यार्थी सोडवतात.

तरीही दोन उणिवा राहतात. पहिली परीक्षेची. परीक्षेतही असे प्रश्न हवेत, असे माझूर बजावतात. पण प्रश्नपत्रिका काढणे त्यांच्या हाती होते. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयातील शिक्षकाच्या हाती विद्यापीठाची प्रश्नपत्रिका नसते. तिथे केवळ सूत्रांना गुण मिळत असतील, तर वर्गातील चर्चेला विद्यार्थी वेळ दवडणे म्हणतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

दुसरी उणीव तयार प्रश्नसंग्रहाची. तो हाताशी असला की उचलून वापरण्याचा मोह होतो. पण चांगल्या प्रश्नाचा जीव त्याच्या चुकीच्या पर्यायांत असतो, आणि ते पर्याय आपल्याच विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून मिळतात. 'अंगात बळ नाही' आणि 'अंगात शक्ती नाही' ही वाक्ये मराठीत एकच अर्थ सांगतात. भौतिकशास्त्रात मात्र बल वेगळे, शक्ती वेगळी. हा गोंधळ हार्वर्डच्या प्रश्नसंग्रहात कसा सापडणार?

म्हणून हे पुस्तक प्रत्येक विज्ञानशिक्षकाने वाचावे, पण त्यातील प्रश्न जसेच्या तसे फळ्यावर उतरवू नयेत. उद्याच्या तासाला मालमोटारीचा प्रश्न विचारावा, चुकीची उत्तरे न रागावता ऐकावीत, वहीत टिपून ठेवावीत. आपला प्रश्नसंग्रह त्याच वहीत तयार होईल.