कोतवाल दिसतो, बाजार दिसत नाही

गेल्या हिवाळ्यात इथे सरेत, एका मित्राच्या बेसमेंटमध्ये, आम्ही दहा-बारा जणांनी मिळून विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' वाचलं. बाहेर पाऊस, आत चहा-चिवडा आणि हातात झेरॉक्स केलेल्या प्रती. वाचन संपल्यावर जो वाद होतो तो झालाच. एक काका म्हणाले, नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याची ही विटंबना आहे. दुसऱ्या एका वहिनींना ती नानांपेक्षा गौरीची गोष्ट वाटली. हे दोन्ही वाद गेली पन्नास वर्षं चाललेत, त्यामुळे त्यात मी पडलो नाही. पण न्यूटन भागात किराणा-भाजीचं दुकान चालवणारा आमच्यातला एकजण शेवटी हळूच म्हणाला, "खरं सांगू? मला तर वाटलं, असा एखादा कडक कोतवाल इथेही हवा."

कुणी हसलं नाही. त्या वाक्यामुळेच हे नाटक मी पुन्हा वाचायला घेतलं, आणि हा लेख त्यातूनच आला.

आधी थोडा इतिहास. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं पुणं म्हणजे नुसती पेशव्यांची गादी नव्हे, ती मोठी बाजारपेठ होती. पेठा वसवायच्या, त्यात वाणी-उदमी आणून बसवायचे, त्यांना सुरुवातीला करात सवलत द्यायची आणि पेठ जमली की उत्पन्न घ्यायचं, अशी ती रीत होती. प्रत्येक पेठेत शेटे-महाजन असत. या सगळ्यावर देखरेख कोतवालाची. आज आपण कोतवाल म्हटलं की पोलीस समजतो, पण त्या कोतवालीत पोलीस, महापालिका, वजनमापं तपासणारं खातं आणि खालचं न्यायालय हे सगळं एकाच चावडीत बसलेलं होतं. मालाचे भाव ठरवणं, घरजागेच्या खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवणं, शहरात कोण आलं-गेलं याची नोंद, रस्ते, जुगार, तंटे, सगळं तिथेच. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडेल त्याला सकाळपर्यंत चौकीत बसवायचं. शिवाय दंड आणि फी यांतून सरकारात पैसा भरायचा. म्हणजे ज्याने नियम पाळायला लावायचे, त्याचंच काम नियम मोडल्याचे पैसे गोळा करण्याचंही होतं. इतकं एका हातात आलं की तिथे भ्रष्टाचार करायला माणूस फार वाईट असावा लागत नाही.

औरंगाबादेकडून आलेला, उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण घाशीराम सावळदास याला ही कोतवाली १७८२ च्या सुमारास मिळाली. गादीवर सवाई माधवराव हे लहान मूल होतं, कारभार नानांचा होता, आणि घाशीराम नानांच्या विश्वासातला. पुढे ऑगस्ट १७९१ मध्ये, श्रावणातल्या दक्षिणेसाठी पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना घाशीरामच्या बागेतली फळं-कणसं तोडल्याच्या आरोपावरून पकडून एका कोंदट खोलीत कोंडलं गेलं. तीस-पस्तीस माणसं होती. त्यातली एकवीस गुदमरून मेली, असं बहुतेक वृत्तांत सांगतात. मानाजी फाकडे यांनी कोठडी उघडवली. शहर खवळलं, तेलंगी ब्राह्मण वाड्यापुढे जमले, नानांना कोतवाल जमावाच्या हवाली करावा लागला, आणि ३१ ऑगस्टला लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

तेंडुलकरांनी या घटनेचं जे केलं ते सर्वांना माहीत आहे. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नाना मोहन आगाशे. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेतल्याच ज्येष्ठांनी नाटक थांबवलं. मग कलाकार बाहेर पडले, थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये ते युरोपात न्यायचं ठरलं तेव्हा, परदेशी लोकांसमोर आपली अब्रू जाईल म्हणून विरोध झाला. आपण, जे कायमचे परदेशी लोकांसमोर राहतो, त्यांना ही काळजी ओळखीची आहे. घरातलं भांडण शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेणारे आपणच. हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकर पहिल्यापासून सांगत आले. तेव्हा नानांच्या चारित्र्याचा निवाडा या नाटकावरून करू नये, आणि नाटकाचा निवाडा नानांच्या चारित्र्यावरून तर मुळीच करू नये.

नाटक म्हणून त्याची ताकद दोन ठिकाणी आहे. पहिलं ठिकाण म्हणजे ती माणसांची भिंत. ब्राह्मणांची रांग प्रेक्षकांना पाठ करून उभी राहते तेव्हा ती भिंत असते, वळते तेव्हा शहर होतं. कधी ती कीर्तनात डोलते, कधी बावनखणीकडे निघते. वाड्यात काय चाललंय ते ह्या भिंतीआड घडतं, आणि ही भिंत स्वतःच ते झाकत असते. नागरिकांचं मौन हाच राज्यकर्त्याचा पडदा, हे एवढ्या साधेपणाने दाखवणारं दुसरं मराठी नाटक मला माहीत नाही. बेसमेंटमध्ये वाचतानाही आम्ही चौघेजण उगीच उठून रांगेत उभे राहिलो, तेव्हा ते अंगावर आलं.

दुसरं ठिकाण परवान्यांचं. कोतवाल झाल्यावर घाशीराम जो कारभार सुरू करतो त्यात जगण्या-मरण्याच्या प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो. ज्या गावाने त्याला खोट्या चोरीच्या आळावरून मारलं, हाकललं, त्या गावावर तो सूड घेतो, तो कायद्याच्या भाषेत. त्याच्या मारहाणीपेक्षा त्याची शिस्त जास्त भयंकर आहे. नानाला तर हे सोयीचंच आहे. पाप कोतवालाच्या खात्यावर आणि फळ आपल्या, हा हिशेब नेमणुकीच्या क्षणीच त्याच्या मनात पक्का असतो.

पण इथेच माझी तक्रारही सुरू होते. परवाने आले, पण परवान्याचे पैसे कुठे गेले? या नाटकातल्या पुण्यात दक्षिणा घेणारे आहेत, नाच बघणारे आहेत, लग्नं लावणारे आहेत, विकणारा मात्र कुणी नाही. वाणी नाही, सराफ नाही, मंडईत भाजीची पाटी घेऊन आलेली कुणबीण नाही. शेटे-महाजन तर नाहीतच. एकुलता एक सौदा आहे तो गौरीचा. बाप मुलगी देतो आणि कोतवाली घेतो. त्या सौद्यात नाटकाची सगळी भीषणता साठवली आहे, हे खरं. गौरीला बोलायला जवळजवळ जागाच नाही, हेही त्या सौद्याला धरूनच आहे, कारण चलनाला कुणी मत विचारत नाही. मात्र त्यामुळे भ्रष्टाचार ही वासनेची आणि सूडाची गोष्ट होऊन बसते. बाजारगावातला भ्रष्टाचार रोजचा, कंटाळवाणा, वहीत लिहिलेला असतो. तराजू तपासायला आलेला शिपाई, घराच्या खरेदीखतावर अडून बसलेला कारकून, तोफेनंतर चौकीत बसवलेल्या मजुराचा बुडालेला दिवस. हा भ्रष्टाचार रंगमंचावर आणणं अवघड आहे, मान्य. पण तो नसल्यामुळे प्रेक्षकाची सुटका होते. नाना कामांध आणि घाशीराम पिसाट, म्हणून गाव नासलं, असं म्हणून तो घरी जाऊ शकतो. अधिकारच असे एकवटले होते की सद्गुणी कोतवालही फार काळ सद्गुणी राहिला नसता, ही अडचणीची गोष्ट निसटते.

आणखी एक गोष्ट निसटते. कोतवालीची ती नऊ वर्षं शहराने काढली. त्या नऊ वर्षांत कोठडीत गेलेली सगळीच माणसं काही ब्राह्मण नव्हती. तरी कोतवाल पडला तो ब्राह्मण मेल्यावर. ज्यांच्या मरणाने राजवाडा हलतो त्यांच्याच मरणाने न्याय मिळतो, हे इतिहासाने दाखवलं. तेंडुलकरांनी ते ओझरतं टिपलं आहे, पण त्यांची भिंत ब्राह्मणांची असल्यामुळे भिंतीबाहेरचं गाव आपल्याला दिसत नाही. कदाचित ती त्या भिंतीचीच गंमत असेल. तरी आज प्रयोग बसवणाऱ्याने या जागेचा विचार करावा.

आता आमच्या दुकानदार मित्राकडे वळतो. तो क्रूर माणूस नाही. सरेत २०२३ च्या अखेरीपासून दक्षिण आशियाई व्यावसायिकांना खंडणीच्या चिठ्ठ्या आणि फोन येऊ लागले, दुकानांवर-घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने बिश्नोई टोळीला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं. संध्याकाळी शटर ओढताना तो रस्त्यावर दोन्हीकडे बघतो, हे मी पाहिलं आहे. त्याच काळात या शहरात कोतवाली कुणाची, यावरच भांडण चालू होतं. २०१८ मध्ये नगरपालिकेने आरसीएमपीऐवजी स्वतःचं पोलीस दल उभारायचं ठरवलं, २०२२ च्या निवडणुकीत ते उलटवण्याचं आश्वासन देणारी महापौर आली, प्रांत सरकारने मध्ये पडून बदल पुढे न्यायला लावला, आणि २९ नोव्हेंबर २०२४ ला सरे पोलीस सर्व्हिसने सूत्रं हाती घेतली. सहा वर्षं आम्ही सगळे या भांडणाला कंटाळलो होतो. कर वाढणार, गणवेश बदलणार, एवढंच काय ते ऐकू येत होतं.

'घाशीराम' पुन्हा वाचताना मला त्या कंटाळ्याची किंमत कळली. कोतवाल कुणी नेमायचा, त्याचा खर्च कोण करणार, तो चुकला तर कुणाकडे जायचं, हे चव्हाट्यावर भांडता येणं, मतपेटीत भांडता येणं, हीच गोष्ट १७८२ च्या पुण्यातल्या वाण्याला मिळाली नव्हती. त्याच्यापुढे दोनच रस्ते होते, गप्प बसून भिंत व्हायचं किंवा एक दिवस हातात दगड घ्यायचा. नाटकाच्या शेवटी नाना कोतवालाला जमावापुढे टाकतो आणि गावाला उत्सव करायला सांगतो. जमाव नाचतो. कोतवाली तशीच राहते, तिच्यावर बसणारा तेवढा बदलतो.

हे मी त्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "पण माझ्या दुकानावर गोळी आली तर नाटक कामाला येणार नाही." बरोबर आहे त्याचं. नाटकाने शटरला कुलूप लागत नाही. पण कडक माणूस मागताना त्याच्या मागे कोण उभं आहे, वही कोण तपासणार आणि आपण कोणत्या बाजूला पाठ करून उभे आहोत, एवढं विचारायची सवय ते लावतं. पुढच्या महिन्यात आम्ही ते पुन्हा वाचणार आहोत. या वेळी भिंतीत उभं राहायला तोही तयार आहे. त्याची एकच अट आहे, रांगेत एकजण तराजू घेऊन उभा असला पाहिजे.